उघडे दफ्तर आणि अज्ञातवास : पाळतीच्या इतिहासातील सातारा-सांगली

१

ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही त्याने भिण्याचे कारण काय, हा प्रश्न पाळत ठेवणारी प्रत्येक सत्ता विचारीत आली आहे. पाळतीखाली असलेल्या माणसाने तोच प्रश्न उलट फिरवून सत्तेपुढे ठेवल्याची उदाहरणे मात्र विरळा आहेत. सर्व काही आपणहून उघड केले, तर सत्तेच्या हाती पकडण्याजोगे उरणार तरी काय? बांगलादेशात जन्मलेले अमेरिकी कलावंत हसन एलाही यांना २००२ मध्ये डेट्रॉइटच्या विमानतळावर अडविण्यात आले आणि त्यानंतर काही महिने त्यांना तपासयंत्रणेच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. त्यांच्याविरुद्ध काहीही निष्पन्न झाले नाही. पुढे एलाही यांनी स्वतःचा ठावठिकाणा, जेवणाची ताटे, विमानतळांवरील बाके, स्वच्छतागृहे यांची हजारो छायाचित्रे इंटरनेटवर स्वतःच प्रसिद्ध करावयास सुरुवात केली. तपशिलांची ही रास इतकी मोठी होती, की तिच्यात खुद्द माणूस दिसेनासा व्हावा.

ही युक्ती संगणकयुगाची अपत्य मानली जाते. परंतु सर्व काही दाखवून स्वतःला वाचविण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साताऱ्याच्या राजवाड्यात झाला होता आणि तो दीर्घकाळ, गांभीर्याने व एका राज्याची बाजी लावून झाला होता. छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांच्या इतिहासाकडे आजवर मुख्यतः अन्यायाची कहाणी म्हणून पाहिले गेले. प्रबोधनकार ठाकरे यांचा 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' (१९४८) हा ग्रंथ त्या दृष्टीचा ठळक नमुना होय. तो अन्याय होताच, यात शंका नाही. तथापि, हाच इतिहास पाळत, लेखन आणि अर्थनिर्णयन यांच्या परस्परसंबंधांचा इतिहास म्हणूनही वाचता येतो. पाळत ही अखेर वाचनाचीच एक क्रिया असते. कोणी कोणाला वाचावे, आणि वाचलेल्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे तिच्या मुळाशी असलेले प्रश्न साहित्यविचाराला परके नाहीत.

या संदर्भात मराठी शब्दांकडेही लक्ष द्यावयास हवे. 'नजरकैद' या शब्दात बेडी नाही, भिंतही नाही. येथे नजर हाच तुरुंग आहे. व्यक्तीचे असे जे 'खासगी' आज आपण मानतो, तो शब्द मराठी दफ्तरांत राजाच्या घरखर्चाच्या, त्याच्या स्वतःच्या मिळकतीच्या खात्यासाठी वापरला जाई. सामान्य रयतेला खासगी नव्हती; तिला घर होते, भाऊबंद होते, गाव होते. म्हणजे आपल्या भाषेत खासगीपणाची पहिली नोंद राजाच्या नावावर आहे, आणि त्याच राजाची खासगी परकीय सत्तेने कशी मोडून काढली, हे साताऱ्याच्या इतिहासात दिसते.

२

पेशवाईच्या उत्तरार्धात साताऱ्याचे छत्रपती जवळजवळ नजरकैदेतच होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह इंग्रजांच्या स्वाधीन आले व त्याच वर्षी त्यांची साताऱ्यास पुनःस्थापना झाली. एक नजर हटली, तिच्या जागी दुसरी आली. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहातील पाचवे कलम या दृष्टीने मूलभूत आहे. त्यान्वये राज्याबाहेरील कोणत्याही सत्ताधीशाशी, सरदाराशी, जहागीरदाराशी किंबहुना कोणत्याही प्रकारच्या व्यक्तीशी छत्रपतींनी परस्पर संबंध ठेवावयाचा नव्हता. घरातील सोयरीक जुळविण्यासाठी लिहावे लागले, तरी ते लेखन रेसिडेंटमार्फत व्हावयाचे होते. या कलमाचा भंग झाल्यास तहाने मिळालेले सारे लाभ संपुष्टात येतील, असेही त्यात नमूद होते. राज्य मिळाले ते पत्रव्यवहाराच्या स्वातंत्र्याच्या मोबदल्यात. राजद्रोहाची व्याख्या इतकी व्यापक झाली, की बाहेरच्या माणसाला कुशल विचारणारे पत्रही तिच्यात बसू शकले असते.

रेसिडेन्सी हे मुळात माहिती गोळा करणारे ठाणे होते. कंपनीची सत्ता बंदुकीइतकीच बातमीवर उभी होती, हे सी. ए. बेली यांनी 'एम्पायर अँड इन्फर्मेशन' (१९९६) या ग्रंथात उत्तर हिंदुस्थानच्या संदर्भात दाखविले आहे. देशी दरबारांतील अखबारनवीस, जासूद, हरकारे यांची जुनी व्यवस्था कंपनीने हस्तगत केली. मात्र माहितीमागील संबंध, संकेत आणि भाषा तिच्या हाती पूर्णपणे कधीच आली नाही. जेथे समज कमी पडे, तेथे संशय वाढे. साताऱ्यात पुढे जे घडले त्याचे बीज या विसंगतीत आहे.

प्रतापसिंहांनी या नजरेला दिलेले पहिले उत्तर मोकळेपणाचे होते. पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला त्यांनी आपल्या घराण्याची कागदपत्रे पाहावयास दिली. त्या आधारावर त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनहून तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पाळत ठेवावयास नेमलेला अधिकारीच पाळतीखालील घराण्याचा इतिहासकार झाला, ही घटना जागतिक इतिहासलेखनातही थोडी वेगळी आहे. प्रतापसिंह स्वतः रोजनिशी ठेवीत. ५ एप्रिल १८२२ रोजी राज्यकारभाराचे अधिकार त्यांच्या हाती आल्यानंतर रस्ते, पाणीपुरवठा, पाठशाळा, छापखाना या कामांत त्यांनी लक्ष घातले, आणि हा कारभार रेसिडेंटच्या डोळ्यांसमोर चालला. कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनी १८३५ मध्ये त्यांच्या प्रशंसेचे पत्र आणि मानाची तलवार पाठविली. ती मुंबई सरकारने त्यांच्या हाती पडू दिली नाही.

येथे रोजनिशी या लेखनप्रकाराचे स्वरूप ध्यानात घेणे अगत्याचे ठरते. आत्मनिवेदनाची, अंतर्मनाचा शोध घेणारी दैनंदिनी मराठीत पाश्चात्त्य संस्कारानंतर रुळली. त्यापूर्वीची रोजनिशी दफ्तराच्या कुळातली होती. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींतील उतारे पाहिले, तर तिथे नेमणुका, वतने, खर्च, निवाडे यांची नोंद आढळते; कोणाचे मन आढळत नाही. रोजनिशी माणसाचा दिवस सांगते आणि माणूस राखून ठेवते. एलाही यांची छायाचित्रेही नेमके हेच करतात. दोहोंतील फरक हेतूचा आहे. एलाही यांना माहितीच्या पुरात दिसेनासे व्हावयाचे होते. प्रतापसिंहांना मात्र आपण खरोखर दिसावे, आपला विश्वास धरला जावा, अशी अपेक्षा होती. आपले दफ्तर जो वाचील तो आपल्याला निर्दोष मानील, हे त्यांनी गृहीत धरले होते.

या गृहीतातील धोका ग्रँट डफच्या ग्रंथातच दिसून आला होता. कागद दिले म्हणजे कागदांचे वाचनही आपल्याला हवे तसे होईल, असे नाही. शिवकालाविषयी ग्रँट डफने काढलेल्या निष्कर्षांवर १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण अभ्यासकाने टीका केली, आणि पुढे मराठी इतिहाससंशोधनाची एक संपूर्ण परंपरा त्या वादातून वाढली. दफ्तर उघडणाऱ्याने स्वतःच्या घराचा दरवाजा उघडला होता; त्या घराचे वर्णन करण्याची लेखणी मात्र पाहुण्याच्या हातात राहिली.

३

जहागीरदारांवरील सत्तेच्या प्रश्नावरून प्रतापसिंह आणि मुंबई सरकार यांच्यात वितुष्ट वाढत गेले. १८३६ मध्ये तेविसाव्या देशी पलटणीतील हिंदी अधिकाऱ्यांना फितविल्याचा आरोप पुढे आला आणि त्याच्या चौकशीसाठी लॉडविक, ओव्हान्स व विलोबी यांचे गुप्त मंडळ साताऱ्यास बसले. पुढे गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर दोन मानुएल याच्याशी आणि नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधल्याचे आरोप त्यात जोडले गेले. आरोप तीन असले, तरी स्वरूप एकच होते : जेथे पत्र लिहावयास मनाई होती, तेथे पत्र लिहिले गेले.

या प्रकरणातील विषमता कागदांच्या संदर्भात सर्वांत ठळकपणे प्रकट होते. एका बाजूस वर्षानुवर्षे उघडे असलेले दफ्तर होते. दुसऱ्या बाजूस गुप्त साक्षी, हस्तकांकरवी मिळविलेली पत्रे, शिक्क्यांचे ठसे आणि निनावी अर्ज होते. कैदेत असलेले दिवाण गोविंदराव यांच्या मातोश्री गिरजाबाई यांच्या नावाचा एक अर्ज पुराव्यात महत्त्वाचा मानला गेला. तो आपण लिहिल्याचे कृष्णाजी सदाशिव भिडे या इसमाने नंतर स्वतःच सांगितले. आरोपांची व साक्षींची प्रत मिळावी, ही प्रतापसिंहांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. ज्याने सर्व काही दाखविले होते, त्याला स्वतःविषयीचा कागदच दाखविला गेला नाही.

एकाने सतत दिसत राहावयाचे आणि दुसऱ्याने न दिसता पाहावयाचे, हे बेंथमच्या तुरुंगरचनेचे तत्त्व मिशेल फूको यांनी १९७५ मध्ये आधुनिक सत्तेची प्रतिमा म्हणून मांडले. साताऱ्याचे प्रकरण या प्रतिमेत बसते, पण पूर्णपणे बसत नाही. फूको यांच्या विवेचनात सतत पाहिला जाणारा माणूस हळूहळू स्वतःच स्वतःवर नजर ठेवू लागतो. प्रतापसिंह तसे झाले नाहीत. त्यांचा मोकळेपणा शरणागतीचा नव्हता, हे १८३९ च्या ऑगस्टमध्ये सिद्ध झाले.

त्या महिन्यात मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. त्याचा प्रस्ताव वरवर पाहता उदार होता. गुन्ह्याची कबुली असलेल्या एका लेखावर छत्रपतींनी सही करावी, तहाचे पालन पुढे निष्ठेने करावे; राज्य त्यांचे त्यांच्याकडेच राहील. प्रतापसिंहांनी सही करण्याचे नाकारले. ४ व ५ सप्टेंबर १८३९ च्या दरम्यानच्या रात्री त्यांना राजवाड्यातून बाहेर काढण्यात आले, गादीवर त्यांचे बंधू शहाजी यांना बसविण्यात आले आणि पदच्युत राजाची रवानगी काशीस झाली. तेथेच १४ ऑक्टोबर १८४७ रोजी त्यांचा अंत झाला.

या नकाराकडे मानी राजाचा बाणेदारपणा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु या निबंधाच्या दृष्टीने त्याचा अर्थ याहून खोल आहे. राजाचे दफ्तर, त्याचा दिनक्रम, घरातील सोयरिकी हे सर्व सत्तेच्या नजरेखाली होते. त्याच्यापाशी राखण्याजोगे म्हणून एकच उरले होते : स्वतःच्या वर्तनाचा अर्थ स्वतः सांगण्याचा हक्क. कार्नाकला नेमका तोच हवा होता. माहिती त्याच्याजवळ भरपूर होती. त्याला हवे होते ते त्या माहितीच्या सरकारी वाचनाखाली राजाचे नाव. सर्वस्व उघड करणाऱ्या माणसाने एक खोटे वाक्य आपल्या नावावर येऊ दिले नाही. ज्याला खासगीपणाचा गाभा म्हणता येईल तो या एका न केलेल्या सहीत सापडतो, आणि त्याचे मोल एका राज्याएवढे होते.

४

रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला पोचले आणि १८५३ च्या अखेरीपर्यंत तेथे राहिले. या काळात प्रकटीकरणाची दिशा बदलली. प्रतापसिंहांनी दफ्तर उघडले होते ते पाळत ठेवणाऱ्यासाठी. रंगो बापूजींनी ते उघडले पाळत ठेवणाऱ्याच्याही वर जे होते त्यांच्यासाठी. अर्ज, निवेदने, पत्रे छापून त्यांनी ती कंपनीच्या भागधारकांपुढे, संसदसदस्यांपुढे, वृत्तपत्रांपुढे ठेवली. साताऱ्याचे माजी रेसिडेंट ब्रिग्ज, रॉबर्टसन आणि लॉडविक हे राजाच्या बाजूने उभे राहिले. गुलामगिरीविरोधी चळवळीतील वक्ते जॉर्ज थॉम्प्सन यांनी वकिली केली. जोसेफ ह्यूम यांनी संसदेत प्रश्न लावून धरला. १८४३ मध्ये या प्रकरणाची कागदपत्रे संसदेच्या आदेशाने छापली गेली. साताऱ्यात ज्याची नक्कल मिळत नव्हती, त्यातील बरेच काही लंडनमध्ये छापील पानांवर आले. गुप्त मंडळाचे कामकाज, हस्तकांना दिलेली आमिषे, पत्रांचे संशयास्पद मार्ग यांची चर्चा उघड सभांतून होऊ लागली. पाहणारे आता पाहिले जाऊ लागले.

याच लंडनमध्ये जून १८४४ मध्ये एक प्रकरण गाजले. इटलीतून परागंदा झालेले जोसेफ मॅझिनी यांना आपली पत्रे टपालात फोडली जातात असा संशय आला; पाकिटांत खसखशीचे दाणे व केस घालून त्यांनी त्याची खात्री करून घेतली. टॉमस डंकम या सदस्याने हा विषय संसदेत नेला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या हुकमावरून पत्रे फोडली जात होती हे उघड झाल्यावर लोकक्षोभ उसळला, चौकशी समित्या बसल्या आणि टपाल खात्यातील गुप्त विभाग गुंडाळावा लागला. मराठी वाचकाला मॅझिनी परिचित आहेत ते १९०७ च्या सावरकरकृत भाषांतरामुळे. मात्र त्यांची पत्रे फोडली जात असताना एक मराठी वकील त्याच शहरात, पत्रांच्याच आरोपावरून गेलेल्या राज्यासाठी झगडत होता, हा योग सहसा लक्षात घेतला जात नाही. एकाची पत्रे फोडणे हा इंग्रजी सभ्यतेवरील डाग ठरला. दुसऱ्याची न लिहिलेली पत्रेही त्याच्याविरुद्ध वाचली गेली, आणि ती राज्यकारभारातील नित्याची बाब ठरली. खासगीपणाचे मूल्य सार्वत्रिक म्हणून घोषित होत होते. त्याची हद्द मात्र इंग्लंडच्या किनाऱ्याशी संपत होती.

रंगो बापूजी हरले. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी मरण पावले, दत्तक नामंजूर झाला आणि सातारा खालसा करण्यात आले. पण त्यांनी उघड केलेले कागद राहिले. प्रकटीकरणाने राज्य वाचविले नाही, साक्ष वाचविली. पुढील इतिहासकारांना सरकारी निर्णयाविरुद्ध दुसरे वाचन उभे करता आले, ते याच कागदांच्या जोरावर.

५

या कहाणीचा शेवट तिच्या सुरुवातीच्या नेमका उलट आहे. हिंदुस्थानात परतल्यावर रंगो बापूजी १८५७ च्या उठावाच्या तयारीत गुंतले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहान्त शासन झाले. त्यांत रंगो बापूजींचे चिरंजीव सीताराम होते. स्वतः रंगो बापूजी नाहीसे झाले, ते कायमचे. इंग्लंडच्या छापखान्यांत ज्यांनी आपले प्रत्येक निवेदन छापून घेतले, त्यांच्या अखेरीची एक ओळही इतिहासाजवळ नाही. उघड्या दफ्तराचा पुरस्कर्ता अज्ञातवासात गेला.

अज्ञातवास ही कल्पना महाभारताने आपल्याला दिली. विराटनगरीत पांडव गुहेत लपत नाहीत. ते राजसभेत, पाकशाळेत, अंतःपुरात सर्वांच्या डोळ्यांदेखत वावरतात. दिसणे चालते, ओळखले जाणे चालत नाही. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ च्या 'कीचकवध' नाटकासाठी विराटपर्वातील नेमका हा प्रसंग निवडावा, याला म्हणून विशेष अर्थ आहे. नाटक जाहीरपणे रंगभूमीवर होत होते, कथा सर्वांना ठाऊक होती, लपविलेले असे काही नव्हते. तरीही सैरंध्रीची विटंबना आणि कीचकाचा माज पाहताना प्रेक्षकाला हिंदुस्थान आणि कर्झनशाही दिसे. हा ध्वन्यर्थाचा अज्ञातवास होता. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली, आणि त्याच वर्षीच्या 'इंडियन अनरेस्ट' या ग्रंथात व्हॅलेंटाइन चिरोल यांनी नाटकाच्या रूपकाची उकल केली. वाच्यार्थाला आधार नसताना व्यंग्यार्थावर शिक्षा ठोठावणारी सत्ता ही एका परीने फार जागरूक वाचक असते. मात्र असा अर्थ एकदा अधिकृतपणे मान्य केला की कीचक कोण हेही मान्य करावे लागते. बंदीच्या हुकमात सरकारने स्वतःचीच ओळख पटविली.

तिसरा मार्ग १९४२ नंतर सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारने दाखविला. वाळवे, तासगाव, खानापूर हे त्यातील तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये ते दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. नाना पाटील व त्यांचे सहकारी भूमिगत होते, पण त्यांचा कारभार उघड्यावर चाले : गावसभेपुढे निवाडे होत, कमी खर्चाची लग्ने लोकांसमक्ष लागत. कोण कोठे मुक्कामाला आहे हे गावाला ठाऊक असे आणि पोलिसांना नसे. येथे गुपित एका व्यक्तीच्या मनात नव्हते. ते समूहाच्या मुखात आणि त्याच समूहाच्या मौनात होते. माहितीची विपुलता आणि तिचे रक्षण यांत विरोध नव्हता, कारण माहिती कोणाला द्यावयाची हे देणाऱ्याच्या हाती होते.

६

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. राजाच्या घरखर्चाच्या खात्याचे नाव प्रत्येक नागरिकाच्या हक्काचे नाव झाले, इतका दीर्घ प्रवास या शब्दाने केला आहे. पण हक्क मान्य झाला म्हणून प्रश्न मिटत नाही. आज माणसे स्वतःविषयी जेवढे लिहितात व दाखवितात तेवढे कोणत्याही काळात लिहिले गेले नसेल. आणि आपल्याविषयी जे वाचले जाते ते त्यांना दिसत नाही. साताऱ्याच्या राजवाड्यातील विषमता आता घरोघर पोचली आहे.

अतिप्रकटीकरण हे संरक्षण होऊ शकते का, या प्रश्नाला सातारा-सांगलीच्या इतिहासाकडून सरसकट होकार वा नकार मिळत नाही. पाळत ठेवणाऱ्यालाच सर्व दाखविल्याने संरक्षण मिळत नाही. प्रतापसिंहांचे उघडे दफ्तर त्यांना वाचवू शकले नाही, कारण विपुल मजकूर संशयी वाचकाला थांबवीत नाही, त्याला निवडीला वाव देतो. तोच मजकूर जेव्हा पाळत ठेवणाऱ्याचाही न्याय करू शकणाऱ्या लोकांपुढे येतो, तेव्हा तो निदान साक्ष म्हणून टिकतो. उघडेपणाचे मूल्य अशा रीतीने किती सांगितले यावर ठरत नाही. ते कोणापुढे सांगितले आणि सांगितल्याचा अर्थ लावण्याचा हक्क कोणाजवळ राहिला, यावर ठरते.

कार्नाकच्या लेखावरील ती मोकळी जागा म्हणूनच आजही महत्त्वाची आहे. दफ्तरातील हजारो लिखित पानांनी जे सांगितले नाही, ते त्या न केलेल्या सहीने सांगितले.